डोळ्यांनी निवडलेलं विरजण

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि विरजणबाई काचेच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. आत बर्नरची निळी ज्योत. डाव्या हातात थाळी, उजव्या हातात मुठीची तार, तारेच्या टोकाला मोहरीएवढा फास. थाळीत थिजलेल्या खळीवर जिवाणूंचे दोनएकशे ठिपके उगवले होते, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढा. काही राखाडी, वर पिठूळ भुकटी बसलेले. काही फिकट. काही तपकिरी आणि सुरकुतलेले, वाळलेल्या खपलीसारखे.

बाईंनी थाळी उजेडाकडे कलती केली, एक डोळा बारीक केला, तार ज्योतीत लाल करून गार केली आणि एकामागून एक सहा ठिपके टिपले. सहाही राखाडी, भरघोस भुकटीचे. सहा नळ्यांत सहा रेघा ओढल्या, कापसाची बुचं लावली. उरलेली थाळी जंतू मारायच्या डब्यात गेली. सगळ्याला मिळून साडेचार मिनिटं लागली.

हा कारखाना एक इंजेक्शन बनवतो. नेमकं सांगायचं तर ते कारखाना बनवत नाही, मातीतला एक जिवाणू बनवतो. हा जिवाणू दिसायला बुरशीसारखा, बारीक तंतू सोडणारा. त्याला वास येतो ओल्या जमिनीचा. तो वाढताना जे स्रवतो ते दुसऱ्या जिवाणूंना मारतं. तेच गाळून, शुद्ध करून रुग्णालयांत तापाने फणफणलेल्या नवजात बाळांना टोचतात. माणसाचं काम एवढंच, की त्याला खायला घालायचं, हवा द्यायची, ढवळत ठेवायचं आणि परक्या जंतूला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. नळीतलं बीज आधी काचेच्या चंबूत जातं, चंबूतून लहान टाकीत आणि तिथून पन्नास हजार लिटरच्या मोठ्या टाकीत. सहाव्या दिवशी तिथे दाट तपकिरी आंबवण तयार असतं. चमचाभर दह्याने हंडाभर दूध विरजतं, तसाच हा प्रकार. हे विरजण सांभाळणाऱ्या बाईंचं 'विरजणबाई' हे नाव कारखान्यात कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण हजेरीच्या यादीबाहेर त्यांना दुसरं नाव नाही.

बाई सत्तावन्न वर्षांच्या. या खोलीत सव्वीस वर्षं, त्यातली अठरा प्रमुख म्हणून. उंची बेताची, आवाज बेताचा, नखं कायम मुळापर्यंत कापलेली. त्यांच्या नजरेची कारखान्यात ख्याती होती. त्यांच्या नळ्या म्हणजे राखाडी मखमल. एकही टक्कल नाही, एकही डाग नाही. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी या खोलीच्या काचेपाशी आणत. बाईंच्या एका थाळीचा मोठा फोटो स्वागतकक्षात लावलेला होता. शेजारच्या खोलीत औषधाची ताकद मोजणारा कर्मचारी, ज्याला सगळे मोजणीवाला म्हणतात, तो जाता-येता काच वाजवून विचारायचा, "काय बाई, आज विरजण घट्ट लागलं का?" आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, "तुमचं तोंड सोडून सगळं घट्ट आहे."

त्या सकाळी सव्वानऊला साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब म्हणजे उत्पादनाचे प्रमुख. त्यांच्या टेबलावर एक आलेख होता. बारा वर्षांचा, आडव्या बाजूला वर्षं, उभ्या बाजूला दर लिटर आंबवणातून निघालेलं औषध. रेघ फारशी उतरत नव्हती. मधे दोन ठिकाणी चक्क वर चढली होती.

"ही चढण दिसते ना?" साहेब म्हणाले. "इथे आपण हवेचे नवे पंप बसवले. इथे सोयापीठ बदललं. दोन्ही वेळेला थोडं वाढलं आणि पुन्हा खाली आलं. आता नवी टाकी बसवली. जुनीपेक्षा सगळ्या बाबतीत सरस. तरी आकडा बारा वर्षांपूर्वीच्या खाली आहे."

"पाणी तपासलं?"

"पाणी तपासलं, हवा तपासली, पीठ तपासलं. आता एकच गोष्ट राहिली, बाई."



साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. बाहेरची एक कंपनी याच औषधाचं, जास्त उतारा देणारं बीज द्यायला तयार होती. अट एक होती. दोन वाण एका छताखाली राहू शकत नाहीत, कारण मिसळले तर कुणाचं कोणतं हे पुढे ठरवता येणार नाही. म्हणजे कारखान्याचा स्वतःचा वाण, जो चाळीस वर्षांपूर्वी मातीतून वेगळा काढला आणि तेव्हापासून नळीतून नळीत जिवंत ठेवला, तो वाफेच्या भट्टीत घालून मारावा लागणार होता. तयार बीज दर महिन्याला बर्फातून येणार, त्यामुळे खोलीही लागणार नव्हती. बाईंच्या हाताखालच्या दोघी पॅकिंगला जाणार होत्या.

"सहा आठवडे मागून घेतलेत मी," साहेब म्हणाले. "त्यात आपल्या वाणाने जुना आकडा गाठला तर हा कागद परत पाठवतो. नाही तर सही करतो."

"सहा आठवड्यांत बीज जेमतेम एकदा उगवून मोजून होतं, साहेब."

"मग एकदाच उगवा. पण नीट."

पहिला आठवडा बाईंनी इतरांना दोष देण्यात घालवला. हे त्या स्वतःच सांगतात. त्यांनी खळीची पावडर बदलून पाहिली, उबवणीच्या कपाटाचा तापमापक दुसऱ्या तापमापकाशी ताडून पाहिला, नळ्या धुणाऱ्या बाईला साबण कोणता वापरतेस म्हणून दोनदा विचारलं. तापमापक बरोबर होता. साबण तोच होता.

बाईंचे यजमान किल्ल्या करतात. घराखालीच दुकान आहे. दुकान म्हणजे एक खिडकी, एक कानस-यंत्र आणि भिंतीभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर बाई वर जायच्या आधी पाच मिनिटं तिथल्या स्टुलावर बसतात. त्या शुक्रवारी यजमान एका किल्लीचे दात भिंगातून बघत होते.

"हा माणूस तिसऱ्यांदा आलाय," ते म्हणाले. "म्हणतो, तुम्ही केलेली किल्ली लागत नाही. अहो, लागेल कशी? मूळ किल्लीवरून एक केली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दर वेळेला केसाएवढा फरक. चौथ्या पिढीला दार ओळख देत नाही. म्हटलं, मूळ किल्ली आणा. तर म्हणतो, ती आजोबांबरोबर गेली."

"मग आजोबांनाच बोलवायचं होतं."

"हसतेस काय? तुमच्या वाणाचंही तसंच झालं असेल. नळीवरून नळी, नळीवरून नळी."

"किल्ली मुकी असते हो," बाई म्हणाल्या. "ती आपण कापू तशी होते. आमचं जिवंत आहे. दर वेळेला दोनशे तऱ्हांनी उगवतं. त्यातलं कोणतं पुढे न्यायचं ते मी ठरवते."

"आणि ठरवताना काय बघतेस?"

साधा प्रश्न होता. बाईंकडे उत्तर तयारही होतं, भुकटी बघते. पण ते न देताच त्या उठून वर गेल्या आणि त्या संध्याकाळी भाजी दोनदा करपली, असं यजमान सांगतात. बाई म्हणतात, एकदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरची जुनी रजिस्टरं खाली काढली. त्यातली बहुतेक काकांच्या अक्षरात होती. काका म्हणजे त्यांच्या आधीचे खोलीप्रमुख, बाईंना तार धरायला शिकवणारे. काकांची पद्धत ठरलेली होती. दर तीन महिन्यांनी वाण पुन्हा पसरायचा आणि त्यातला उत्तम ठिपका पुढच्या तिमाहीसाठी निवडायचा. पण निवडायचा डोळ्याने नाही. थाळीखाली शंभर चौकटींचा कागद लावायचा. पत्र्याच्या डब्यात एक ते शंभर आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. डोळे मिटून चाळीस काढायच्या. ज्या चौकटीचा आकडा निघेल त्या चौकटीतला ठिपका उचलायचा, मग तो देखणा असो की कुरूप. चाळीस नळ्या, चाळीस चंबू, चाळीस मोजण्या. काम तीन-चार आठवडे चालायचं. शेवटी मोजणीत जो पहिला येईल तो राहायचा.

बाईंनीही प्रमुख झाल्यावर सात वर्षं असंच केलं. मग एका वर्षी चंबू हलवणारं यंत्र मोडलं. सुटा भाग यायला दोन महिने लागले. तोवर उसन्या आणलेल्या लहान यंत्रावर सहाच चंबू मावत होते. सहासाठी कुठे चिठ्ठ्या काढायच्या, म्हणून बाईंनी सहा नजरेने निवडले. निकाल वाईट आला नाही. यंत्र दुरुस्त झालं, पण सहाचे चाळीस पुन्हा झाले नाहीत. कुणी विचारलं नाही. उलट नळ्या इतक्या सुंदर दिसू लागल्या की बाईंचा डोळा बसलाय, असं सगळे म्हणू लागले. डब्यात चिठ्ठ्यांच्या जागी रबरबँड आले.

आता बाईंनी पेन्सिल घेतली आणि काकांच्या शेवटच्या सात वर्षांची अठ्ठावीस पानं उघडली. प्रत्येक पानावर चाळीस ठिपके, प्रत्येकासमोर त्याचं वर्णन आणि त्याची मोजणी. दर पानावरचे पहिले तीन त्यांनी वेगळे काढले. चौऱ्याऐंशी झाले. त्यांतल्या किती जणांसमोर 'राखाडी, भुकटी भरपूर' असं लिहिलंय ते मोजलं.

नऊ.

बाकीच्या पंचाहत्तरांसमोर काकांनी लिहिलं होतं: तपकिरी. सुरकुतलेला. अर्धा टकला. बुटका, कडेने फाटलेला.

भुकटी म्हणजे बीज. ज्याला बीज भरपूर तो ठिपका नळीतून नळीत न्यायला सोपा, दिसायला छान, कधी दगा न देणारा. पण या वाणात जो बीज धरण्यात पुढे, तो औषध स्रवण्यात मागे, असं ते आकडे सांगत होते. हे सगळ्याच जिवाणूंचं तसं असतं असं नाही. या वाणाचं तसं होतं, आणि ते कपाटावर लिहून ठेवलेलं होतं. बाईंनी दर तिमाहीला दोनशेंतले सहा सर्वांत देखणे उचलले होते आणि त्या सहांतला बरा तो राखला होता. अकरा वर्षांत चव्वेचाळीस वेळा.

रविवारी दुपारी चार वाजता त्या काकांकडे गेल्या. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. दार सुनेने उघडलं. काका खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.

"काय गं, वाट चुकलीस?"

"नाही काका. वाट विचारायला आलेय."

"मग बस. आणि हात चालव. फुकट कुणाला काही सांगत नाही मी."

बाई खाली बसल्या, शेंगांचा ढीग पुढे ओढला. सून चहा ठेवून गेली.  मग बाईंनी आलेख सांगितला, साहेबांचे सहा आठवडे सांगितले, बाहेरच्या बीजाचं सांगितलं. काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं.

"चिठ्ठ्या काढतेस ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं. यंत्र मोडलं होतं, काका."

"यंत्र किती दिवस बंद होतं?"

"दोन महिने."

"मग दहा वर्षं दहा महिने कशामुळे?"

 "मला वाटलं, मला कळतं," त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाई म्हणतात.

"मलाही तसंच वाटायचं," काका म्हणाले. "नजर माझीही चांगली होती. पाच वर्षं डोळ्याने निवडलं आणि वाण पार झोपवला. तेव्हा आमचे साहेब म्हणाले, तुमचे डोळे काढता येत नाहीत, तेव्हा चिठ्ठ्या आणा. तुला हे सांगायचं राहिलं. डबा तेवढा दिला." ते थांबले. "लाज वाटली असणार. दुसरं काय."

 खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकल ओढत नेत होतं, तिची साखळी मडगार्डला घासत होती.

"मातीच्या नळ्या बघितल्यास?" काकांनी विचारलं.

"कुठल्या? यादीत तसं काही नाही."

"यादीत नाही म्हणूनच असेल. शीतखोलीत अगदी खालच्या फळीवर, आम्लाच्या बाटल्यांच्या मागे. लाकडी घोडी आहे. बारा नळ्या. निवृत्त व्हायच्या वर्षी केल्यात. कारखान्याच्या मागच्या आवारातली माती चाळली, तीन दिवस तीनदा भट्टीत घातली, त्यावर बीज ओतलं आणि वाळवलं. तोंडाला मेण आहे."

"अठरा वर्षं झाली, काका. जगलं असेल?"

"कोरड्या मातीत तो झोपून राहतो. किती वर्षं, ते मी मोजलेलं नाही. असेल तर दहा दिवसांत कळेल. नसेल तर मला सांगायला येऊ नकोस."

निघताना सुनेने वाटाण्याची पिशवी पुढे केली. "घ्या ताई, मजुरी," ती म्हणाली. काका हसले नाहीत.

घोडी सांगितल्या जागी होती. बारांतल्या पाच नळ्यांचं मेण तडकलेलं होतं, त्या बाईंनी बाजूला ठेवल्या. सातांतल्या तीन उघडल्या. प्रत्येकीतली चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात हलवली आणि ते पाणी थाळ्यांवर पसरलं. थाळ्या उबवणीच्या कपाटात, अठ्ठावीस अंशांवर.

सहाव्या दिवशी दोन माणसं मोजपट्टी घेऊन आली आणि खोलीची लांबी-रुंदी घेऊ लागली. खोली रिकामी झाली तर तिथे पुठ्ठ्याची खोकी ठेवायची होती.

"मापं कसली घेताय?" मोजणीवाल्याने दारातून विचारलं. "खोलीला सदरा शिवायचाय?"

ती माणसं मापं टिपत राहिली. बाईंनी त्यांना टेबलाखालचं मापही घेऊ दिलं, फक्त कपाटाला हात लावू नका म्हणाल्या.

दहाव्या दिवशी बाईंनी थाळ्या बाहेर काढल्या. पहिल्या नळीच्या थाळ्यांवर काहीच नव्हतं. दुसरीच्या थाळ्यांवर हिरवी बुरशी माजली होती. तिसरीच्या तीन थाळ्यांवर मिळून चौदा ठिपके आले होते. चौदाही ओबडधोबड. दोनांवर विरळ भुकटी, बाकी तपकिरी, चुरगळलेले, मधे खड्डा पडलेले. हाताखालच्या दोघींपैकी थोरली वाकून बघत म्हणाली, "हे आपलंच आहे का, बाई?"

"आपलंच. आपण याला कधी घरात घेतलं नाही."

चौदांत निवडायला काही नव्हतं. चौदाही घेतले. भुकटी कमी असल्याने तार दोन-दोनदा फिरवावी लागली, नळ्यांतल्या रेघा तुटक आल्या, आणि एक नळी तर आठ दिवसांनीही अर्धी रिकामीच दिसत होती. मग चौदा चंबू, आणि पंधरावा चंबू सध्याच्या राखाडी वाणाचा, तुलनेसाठी. बाईंनी चंबूंवर फक्त आकडे टाकले. कोणता कशाचा ही यादी त्यांनी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये बंद पाकिटात ठेवायला दिली. मोजणीवाल्याला त्यांनी काही सांगितलं नाही, आणि स्वतःलाही विसरता यावं म्हणून आकडे उलटसुलट टाकले होते.

मोजणी अशी होते: थाळीत खळीबरोबर एक नेहमीचा, निरुपद्रवी जंतू पेरतात. खळीला बारीक भोकं पाडून त्यांत आंबवणाचे थेंब सोडतात. रात्रभरात जंतू सगळीकडे उगवून थाळी दुधी होते, पण औषध जिथवर पसरलं तिथवर काही उगवत नाही. भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. जितकं मोठं वर्तुळ, तितकं औषध जोरकस. व्यासात दोन-तीन मिलिमीटरांचा फरक म्हणजे फार मोठा फरक. काकांच्या रजिस्टरांत शेवटच्या वर्षीचा उत्तम आकडा बावीस होता.

पाचव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, मोजणीवाल्याने कॅलिपर हातात घेतला. बाई समोर रजिस्टर घेऊन बसल्या. साहेब दारात उभे होते.

"एक नंबर, सतरा. दोन, साडेसोळा. तीन..." त्याने थाळी फिरवून पुन्हा लावली. "तीन, एकवीस पूर्णांक दोन. चार, अठरा."

बाई लिहीत होत्या.

"सात, काही नाही. मेलाय तो. आठ, बावीस पूर्णांक चार." तो थांबला. "बाई, हा चुकून चांगला आलाय का?"

"पुढचा वाचा."

"नऊ, अठरा पूर्णांक एक."

पंधरा झाले. त्याने सगळे दुसऱ्यांदा मोजले. मग साहेबांनी पाकीट आणून फोडलं. अठरा पूर्णांक एक हा राखाडी वाण होता. मातीच्या नळीतल्या चौदांपैकी एक मेला होता, नऊ त्याच्या आसपास किंवा खाली होते आणि चार त्याच्या वर. आठ नंबरचा ठिपका काकांच्या आकड्याहून कणभर पुढे होता. आठ नंबर म्हणजे अर्धी रिकामी दिसणारी नळी.

"ही मी फेकली असती," बाई म्हणाल्या. त्या कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या.

सहाव्या आठवड्यात त्यांनी चारही वरचे ठिपके पुन्हा आंबवून पुन्हा मोजायला दिले. आकडे टिकले. साहेबांनी बाहेरच्या कंपनीचा कागद सही न करता परत पाठवला. मग त्यांनी बाईंना बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा मागवला.

"अहवाल लिहायचाय," ते म्हणाले. "वाण सापडला, आकडा गाठला, सगळं छान. कारणाच्या रकान्यात लिहा, 'दीर्घकाळ साठवणुकीमुळे वाण नैसर्गिकरीत्या क्षीण झाला.' त्यात खोटं काही नाही. वाण क्षीण होतातच."

"निसर्गाने निवडलं नव्हतं, साहेब. मी निवडलं होतं."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत."

"आणि काकांना."

साहेबांनी चहाचा कप बशीत फिरवला. "हे बघा, बाई. दर तिमाहीला त्या रजिस्टरवर माझी सही आहे. चाळीसच्या जागी सहा दिसत होते. मीही विचारलं नाही. नळ्या बघितल्या आणि सही केली. तुम्ही खरं लिहिलंत तर ते वर जाईल, आणि वर गेलं की मला समज मिळेल. ती मी घेईन. पण तुम्हाला त्या खोलीत ठेवणार नाहीत, हे कळतंय ना? निवृत्तीला चौदा महिने राहिलेत."

"कळतंय."

"मग कशासाठी?"

"काकांची पाच वर्षं अशीच गेली होती. त्यांनी कुठे लिहिलं नाही, मला डबा दिला. मी डब्यात रबरबँड ठेवले. आता हिला मी काय देऊ?" हाताखालच्या थोरलीबद्दल त्या बोलत होत्या. "तिची नजर माझ्याहून चांगली आहे, साहेब. तेच तर भय आहे."

साहेबांनी अहवालाचा कोरा कागद बाईंपुढे सरकवला. चहा तसाच गार झाला.

बाईंनी अहवाल लिहिला. दोन पानं, त्यांच्या सरळ, गोल अक्षरात. कारणाच्या रकान्यात चार वाक्यं आहेत: चाळीस ठिपके चिठ्ठीने निवडण्याची पद्धत मी अमुक तारखेपासून बंद केली. त्यानंतर चव्वेचाळीस वेळा फक्त देखणे ठिपके निवडले. या वाणात देखणे ठिपके कमी औषध देतात, हे आधीच्या रजिस्टरांत दिसत होतं. मी ती रजिस्टरं पाहिली नव्हती. खाली सही, तारीख आणि वेळ.

आदेश अकरा दिवसांनी आला. कल्चर-खोली, म्हणजे बीजाची खोली, आहे तशी राहील. दर तिमाहीला चाळीस ठिपके, चिठ्ठीने, दोन सह्यांनिशी निवडले जातील. मातीच्या नव्या वीस नळ्या करून यादीत नोंदवल्या जातील. खोलीची जबाबदारी थोरल्या मदतनीस बाईंकडे. आधीच्या प्रमुखांची बदली माध्यम विभागात. माध्यम विभाग म्हणजे टाकीतल्या जिवाणूचं खाणं जिथे तोलून, कालवून तयार होतं ती जागा.

घरी यजमानांनी आदेश वाचला, घडी घालून परत दिला. "म्हणजे विरजणातून पिठात," ते म्हणाले.

"हो."

"चपला वेगळ्या लागतील. तिथे जमीन निसरडी असते."

काकांकडे बाई पुन्हा गेल्या. जगलं, एवढंच सांगितलं. स्वतःच्या बदलीचं सांगितलं नाही. ते मोजणीवाल्याकडून फोनवर काकांना आधीच कळलं होतं. त्यांनीही विषय काढला नाही. सुनेच्या सांगण्यानुसार दोघं तासभर बसली, आणि बोलणं झालं ते बहुतेक मेण कोणतं वापरावं याबद्दल.

खोलीची किल्ली घेताना थोरलीला रडू आलं. बाईंनी तिला तार नीट लाल होईस्तोवर धरायला सांगितलं आणि आपला पांढरा कोट खुंटीवर न ठेवता धुवायच्या पिशवीत टाकला. स्वागतकक्षातल्या फोटोबद्दल अजून कुणी काही ठरवलेलं नाही.

माध्यम विभागात बाईंना आता नऊ दिवस झालेत. तिथे खिडक्या उंचावर आहेत, पिठाची धूळ असते म्हणून नाकातोंडाला फडकं बांधावं लागतं, आणि बोलणं खुणांनी होतं. तिथली पोतेवाली मंडळी त्यांना अजून बाईच म्हणतात, आधी 'विरजण' लावत नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी पाच पोत्यांमागे एक तोलायची तिथली रीत बंद केली. विभागाच्या मुकादमाने कुरकुर केली, "बाई, पोती पिठाच्या गिरणीतूनच भरून येतात, सगळी सारखीच असतात." बाईंनी त्यांपैकी तीन काट्यावर चढवून दाखवली. एक पाऊण किलोने कमी भरलं. मुकादम दुसरं पोतं आणायला गेला.

आठ नंबरच्या ठिपक्याचं बीज दरम्यान चंबूतून लहान टाकीत वाढतंय. त्याची पहिली मोठी भरती चार नंबरच्या टाकीत आहे, उद्या बुधवारी. सोयापीठ अठ्ठेचाळीस पोती, पोत्याला पंचवीस किलो. तोलाई सकाळी सव्वासातला सुरू होईल आणि प्रत्येक पोतं काट्यावर वेगळं चढेल. साडेदहाला टाकीत वाफ सोडतील, दुपारी तीनला बीज. तोलाईच्या तक्त्यावर उद्याच्या पाळीसमोर बाईंचं नाव आहे.